उत्तर-नको या पत्त्यावर

सोमवारी सकाळी भिंगरीने हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयाचं दार ढकललं, तर ते उघडेना. आतून काहीतरी अडत होतं. खांदा लावून तिने ते वीतभर सरकवलं, तिरकी होऊन आत शिरली, आणि... तिथेच थबकली.

खोलीभर चिठ्ठ्या. टेबलाखाली, खुर्चीवर, मांडण्यांच्या पायांशी, चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. कोपऱ्यातला प्रिंटर रिकाम्या गुंडाळीवर घरघर करत होता. तिने एक चिठ्ठी उचलली. ‘काळी छत्री, लाकडी मूठ, बस क्रमांक चौदा.’ दुसरी उचलली. काळी छत्री, लाकडी मूठ, बस क्रमांक चौदा. तिसरीवरही तेच.

शहराच्या बसगाड्यांत लोक काय काय विसरतात ते सगळं या तळघरात येऊन पडायचं. कोणी तक्रार पाठवली की ती आपोआप नोंदली जायची आणि प्रिंटरमधून तिची एक चिठ्ठी निघायची. वस्तू सापडली की चिठ्ठी तिला दोऱ्याने बांधायची. इतकं साधं काम. पण एकाच छत्रीच्या एवढ्या चिठ्ठ्या?

“ती छत्री माझी आहे,” दारातून आवाज आला.

फटीत एक तरुण अडकला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“पण एकच हरवलीये हो... शपथ!”

भिंगरीला हसू आलं, पण सोमवारची सकाळ होती, म्हणून तिने ते गिळलं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राही. घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. ती पाच मिनिटं एका जागी टेकली, तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची.

“ओळखीची खूण?” तिने सवयीने विचारलं. खूण सांगितल्याशिवाय इथून कोणाला रुमालसुद्धा मिळत नसे.

“छत्रीची... की माझी?”

“तुमची दिसतेच आहे. दारात अडकलेला माणूस.”

तो सुटला एकदाचा. घोटाभर चिठ्ठ्यांतून वाट काढत आला आणि अपराधी चेहऱ्याने उभा राहिला. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बससेवेचा संगणक विभाग होता. तिथे तो सगळ्या कार्यालयांची ईमेल सांभाळायचा. त्याला तिथे सगळे पोस्टमन म्हणत, हे त्यानेच सांगितलं.

“शनिवारी दुपारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी घाईघाईत निघालो, छत्री बसमध्ये राहिली. दवाखान्यातूनच तुम्हाला तक्रार लिहिली. तुमच्याकडून लगेच उत्तर आलं, ‘काळजी करू नका, आम्ही शोधतो आहोत. काही आठवलं तर याच पत्त्यावर लिहा.’”

“ते मी लिहिलंय,” ती म्हणाली. जरा अभिमानानेच म्हणाली.

“छान लिहिलंय. पण मी माझ्या ईमेलच्या पेटीला सांगून ठेवलं होतं, कोणाचंही पत्र आलं की कळव, ‘मी रजेवर आहे, सोमवारी भेटू.’ तिने तुमच्या यंत्राला तसं कळवलं. तुमच्या यंत्राला वाटलं नवी तक्रार आली. ते म्हणालं, काळजी करू नका. माझं म्हणालं, मी रजेवर आहे. तुमचं म्हणालं, काळजी करू नका...”

“सोमवारपर्यंत?”

“चार हजार तीनशे सतरा वेळा.”

आता मात्र भिंगरीला हसू आवरेना. दोन ठार बहिऱ्यांनी दोन दिवस एकमेकांची विचारपूस करावी, तसा प्रकार. ती हसली तशी त्याच्याही जिवात जीव आला.

“चूक माझी,” तो म्हणाला. “मी या कामाचा माणूस. माझ्या रजेचं उत्तर मीच हाताने लिहिलं, आणि उत्तराला उत्तर देऊ नको हे सांगायचं विसरलो. दिव्याखाली अंधार.”

“माझीही आहे. तुमच्या विभागाला न विचारता मी आमचं उत्तर आमच्याच पत्त्यावरून लावलं.”

“एका हाताने टाळी वाजत नाही,” मांडण्यांमागून कोणीतरी म्हणालं. ते कोठीकाका होते. वस्तू मांडून ठेवायचं काम गेली तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. ते मागच्या दाराने आले होते आणि सगळं ऐकत उभे होते. “आता टाळ्या पुरे. झाडू आणा.”

दुपारी पोस्टमन पुन्हा आला तो नियम घेऊनच. मोठ्या मॅडम, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, हाताची घडी घालून ऐकत होत्या.

“पहिलं म्हणजे, यंत्राने पाठवलेल्या पत्रावर तशी खूण असते. ती दिसली की आपल्या यंत्राने गप्प बसायचं. मग एका माणसाला सात दिवसांत एकदाच आपोआप उत्तर जाईल. त्याने दहा पत्रं लिहिली तरी एकदाच. आणि हे उत्तर ज्या लिफाफ्यातून जाईल, त्याच्यावर पाठवणाऱ्याची जागा कोरी. म्हणजे ते पोचलं नाही, तरी परत येऊन गोंधळ घालणार नाही. आत नाव दिसेल ते ‘उत्तर-नको’ असं.”

“म्हणजे त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही?” भिंगरीने विचारलं.

“दिलं तर एका वेगळ्या पेटीत पडेल. तिथून काही बाहेर जात नाही. तिथलं कोणी वाचतही नाही.”

“हे काय! आपण दार वाजवायचं, आणि समोरच्याने ‘कोण आहे?’ म्हटलं की पळून जायचं?”

“दार यंत्र वाजवतंय.”

“पण उघडतो तो माणूसच असतो ना? मागच्या महिन्यात एका आजोबांनी त्या उत्तराला उत्तर लिहिलं होतं, ‘धन्यवाद बेटा, तू शोधते आहेस ना, मग मी निश्चिंत.’ ते कोणी वाचायचं?”

पोस्टमन चष्म्याआडून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. तिने नजर खाली नेली आणि केसांत खोचलेली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

“उत्तर-नकोची पेटी कोणी उघडायची नाही,” मोठ्या मॅडमनी निकाल दिला. “तिथून कोणी हौसेने काही पाठवायचं आणि पुन्हा माझ्या कार्यालयात कागदाचा पूर यायचा, हे मला चालणार नाही.” पोस्टमनने त्या पेटीचा पासवर्ड एका पाकिटात घालून दिला. मॅडमनी ते न उघडता भिंगरीच्या हातात ठेवलं. “कपाटात टाक.”

भिंगरीने ते कपाटात टाकलं आणि दोन दिवस तिला चैन पडलं नाही. कोणीतरी आपल्याशी बोलतंय आणि आपण कानात बोळे घालून बसलोय, असं तिला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत, पावणेदहाला, तिने पाकीट फोडलं. पेटीत अकरा पत्रं होती. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘पर्स सापडली हो! घरीच पिठाच्या डब्यामागे होती. तुम्हाला उगाच त्रास.’ काखेत कळसा नि गावाला वळसा. भिंगरीने त्यांची तक्रार खोडली आणि तिला फार बरं वाटलं. त्यानंतर ती रोज पावणेदहाला ती पेटी उघडू लागली. पाठवायचं काही नाही, फक्त वाचायचं. मॅडमचा हुकूम निम्मा पाळला, असं तिने स्वतःला समजावलं.

पोस्टमन रोज येऊ लागला. चार हजारांवर खोट्या नोंदी काढून टाकायच्या होत्या आणि तो त्या दोनशे-दोनशे करून काढत होता.

“एकदम नाही निघत?” काकांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

“काळजीपूर्वक काढाव्या लागतात.”

“हं,” काका म्हणाले, आणि एक कप चहा वाढवायला गेले.

तो नोंदी काढी आणि ती मांडण्यांतून भिरभिरे. एक पायातला बूट, दातांची कवळी, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम...

“कवळी कशी विसरतं कोणी?” त्याने एकदा विचारलं.

“छत्री विसरतात तशीच.”

“छत्री आपण हातातून खाली ठेवतो.”

“म्हणजे तुमच्या हातून वस्तू सुटतात. मन तरी जागेवर असतं का?”

“होतं,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “सोमवारपर्यंत होतं.”

तिने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवून ती कवळीची धूळ पुसत बसली. कवळीला त्या दिवशी तीनदा आंघोळ झाली.

नोंदी संपल्या तरी तो येतच राहिला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. यंत्र नीट चाललंय ना ते पाहायला तो रोज दहाला मुख्य पत्त्यावर एक चाचणीपत्र पाठवी आणि दुपारी ‘नोंद झाली का?’ विचारायला स्वतः येई. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण ते त्याला कोणी सुचवलं नाही.

आणि मग पुढच्या सोमवारी, पावणेदहाला, उत्तर-नकोच्या पेटीत त्याचं पत्र होतं.

‘प्रिय उत्तर-नको, तुझ्या आपोआप उत्तराला मी उत्तर देतो आहे. कोणी वाचत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहितोय. त्या कार्यालयात एक मुलगी आहे. केसांत पेन्सिल खोचते आणि मग तीच पेन्सिल सगळीकडे शोधते. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात! मला सांगावंसं वाटतं की ती केसांतच आहे. पण सांगितलं, तर शोधताना बघायला मिळणार नाही.’

भिंगरीचे कान तापले. तिने हात केसांकडे नेला. पेन्सिल होती. तिने ती उपसून खणात टाकली, खण लावला, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. पत्र पुन्हा वाचलं. मग पेटी बंद केली, जणू कोणी मागून बघत होतं.

दुपारी तो आला तेव्हा ती हिशेबीपणाने साधं बोलली, आणि त्यातली दोन वाक्यं उलटसुलट झाली. दुसऱ्या दिवशी नवं पत्र. ‘प्रिय उत्तर-नको, काल पेन्सिल नव्हती. हरवली असेल तर तिने तक्रार नोंदवावी, मी शोधायला तयार आहे.’

आता काय करावं! पत्रं वाचायची नाहीत, असं तिने ठरवलं. ते पावणेदहापर्यंत टिकलं. त्यानंतर रोज एक पत्र. तिच्या हसण्याबद्दल, तिच्या चालण्याबद्दल, आजोबांचं पत्र आठवून तिचा आवाज कसा हलला त्याबद्दल. वाचताना सुख व्हायचं आणि वाचून झाल्यावर जीव खाली-वर. चोराच्या मनात चांदणं! तो समोर येऊन नुसतं “कशी आहेस?” म्हणाला, तरी तिला वाटे, कळलं याला.

“मग सांग ना त्याला,” तिची थोरली बहीण म्हणाली. ताई घरी तिच्या शेजारच्या पलंगावर झोपायची, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नसे. आजकाल भिंगरी कूस बदलायची तेव्हा दोघींची झोप मोडायची.

“काय सांगू? मी तुझी पत्रं चोरून वाचते?”

“तो चोरून लिहितो, तू चोरून वाचतेस. फिटंफाट.”

“ताई, तो कोणालाच लिहीत नाहीये. त्याला वाटतं तिथे कोणीच नाही. माणूस बंद खोलीत गुणगुणतो आणि आपण दाराला कान लावायचा... त्याला कळलं तर तोंड दाखवेल का मला?”

ताईने उशी डोक्यावर घेतली. “तू दाखव मग. पण आधी झोप.”

असे तीन आठवडे गेले. मग एका बुधवारी पत्र आलं ते छोटंच.

‘प्रिय उत्तर-नको, दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाने मला बोलावलंय. कायमचं. हो की नाही, ते शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं. काम मोठं आहे, सगळे म्हणतात जा. तिने थांब म्हटलं तर मी थांबेन. पण आपण होऊन तिला विचारलं आणि ती संकोचाने थांब म्हणाली तर? म्हणून तुला सांगतोय. तुझ्याकडून उत्तर येत नाही, हा नियम मीच केलाय.’

भिंगरी उठली, बसली, उठली. मांडण्यांमधून एक फेरी मारून आली. तो गेला तर दुपारी तीन वाजता या दारातून कोण येणार? हे तिला सोसणार नव्हतं. इतकं सरळ तिला पहिल्यांदाच कळलं.

त्याच दुपारी काका एक वस्तू घेऊन आले. चौदा नंबरची एक बस महिनाभर दुरुस्तीला पडली होती. तिच्या शेवटच्या बाकाखाली सापडलेली काळी छत्री, लाकडी मूठ.

“घे,” काका म्हणाले. “चार हजार तीनशे सतरा सापडल्या.”

देवच पावला म्हणायचा! आता फोन करायचा आणि सांगायचं, छत्री सापडली. तिने फोन उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा नंबर लागला तर दुसराच कोणीतरी म्हणाला, “तो कामाची कागदपत्रं आवरतोय, दोन दिवस जागचा हलणार नाही. निरोप आहे का?” आवरतोय! “काही नाही,” म्हणून तिने फोन ठेवला. आता निरोप ठेवला आणि तो म्हणाला, छत्री शिपायाबरोबर पाठवून दे... मग?

आणि तेव्हा तिला ती युक्ती सुचली. उद्या सकाळी दहाला तो नेहमीसारखं चाचणीपत्र पाठवणार. त्याला आपोआप उत्तर जाणार. ते उत्तरच बदललं तर? यंत्राने सांगितलं, तर आपण सांगितलं असं होत नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळतं. उंटावरून शेळ्या हाकायचा हा बेत तिला इतका आवडला की तिने तिथल्या तिथे जुना मजकूर पुसला आणि लिहिलं...

‘तुमची छत्री सापडली आहे. कृपया शुक्रवारी पाचच्या आत स्वतः येऊन घेऊन जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नका. मी थांबले आहे. तुम्हीही थांबा.’

शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवलं.

गुरुवारी दहा वाजता त्याच्या चाचणीपत्राची नोंद झाली. गेलं उत्तर! भिंगरीने पेन्सिल केसांत खोचली. अकरा वाजले. बारा. दार वाजलं की ती उठे. दुपारी तीन वाजता दार उघडलं आणि एक वयस्क मास्तर आत आले.

“माझा चष्मा हरवला होता,” ते म्हणाले. “तुम्ही लिहिलंत, छत्री सापडली. म्हटलं, बघू तरी.”

भिंगरीला तेव्हा आठवलं, आपोआप उत्तर सगळ्यांनाच जातं. त्यांच्या मागे एक नर्स होती. तिचा जेवणाचा डबा हरवला होता. तिच्या मागे एक सुतार. त्याचा रंधा. तिने धावत जाऊन मजकूर पूर्ववत करावा की नाही? केला, तर तो... पण त्याने वाचलं असेलच की! मग तो का येत नाही? की वाचूनही आला नाही? हा विचार आला आणि ती जागीच बसून राहिली. मजकूर तसाच राहिला.

शुक्रवारी दुपारी चारला दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. एकतीस माणसं. कोणाची छत्री हरवलीच नव्हती, पण पत्र सगळ्यांना आलं होतं.

“‘मी थांबले आहे’ असं लिहिलंस ना, बाळ,” रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “म्हटलं, पोरीला ताटकळत कशाला ठेवा. म्हणून आले. माझी तर पिशवी होती.”

काका सगळ्यांना पाणी देत फिरत होते. भिंगरीपाशी येऊन हळूच म्हणाले, “सगळं गाव आलं. पोस्टमन कुठाय?”

“त्याला पण गेलंय हो उत्तर! काल दहाला. तो रोजच...”

आणि ती थांबली. रोज. रोज पाठवतो, पण उत्तर... सात दिवसांत एकदाच. त्याने दहा पत्रं लिहिली तरी एकदाच. त्याचं या आठवड्याचं उत्तर सोमवारीच येऊन गेलं होतं, जुन्या मजकुराचं. गावभर सगळ्यांना ‘थांबा’ म्हणून झालं होतं आणि ज्याला म्हणायचं त्याच्या वाट्यालाच ते आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, ते हेच!

“हे काय चाललंय?” रांगेतून वाट काढत मोठ्या मॅडम आल्या. हातात त्या पत्राचा कागद. “ही छत्री कोणाची? आणि ‘तुम्हीही थांबा’ म्हणजे काय?”

भिंगरीला सबबी सुचत होत्या. तिने एकही वापरली नाही.

“मी केलं, मॅडम. उत्तर-नकोची पेटी मी रोज उघडते. पोस्टमन तिथे पत्रं लिहितो. तो पाचला बदली घेतोय आणि मला तो जायला नकोय. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून यंत्राला बोलायला लावलं. ते सगळ्यांशी बोललं, त्याच्याशी सोडून.”

रांग दोन पावलं पुढे सरकली. आजींनी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. “तुझ्याशी मी सोमवारी बोलणार आहे, आणि ते तुला आवडणार नाही,” त्या म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवला. “आता इथे उभी का आहेस?”

भिंगरीने छत्री उचलली, नोंदवही काखेत मारली आणि सुटली.

बाहेर ढग होते, वारा होता, पाऊस मात्र नव्हता. मिटलेली छत्री हातात घेऊन धावणारी मुलगी बघून लोक आभाळाकडे बघू लागले. सिग्नल तिच्यासाठी थांबेना. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिली... एकदाचा रस्ता ओलांडला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडली होती. तिने जिना धरला.

तिसऱ्या मजल्यावर, तारांच्या भेंडोळ्यांमागे, तो होता. त्याच्या टेबलावर एक खोका भरून ठेवला होता. सगळ्यात वर त्याचा चहाचा कप. तो पाहून तिचा उरलासुरला श्वासही गेला.

“छत्री,” ती धापा टाकत म्हणाली.

तो उठून उभा राहिला. “एवढ्यासाठी धावत आलीस?”

“नाही... कळवलंस का? हो म्हणून?”

“अजून नाही. पाचला पंधरा मिनिटं आहेत.” मग त्याने हळूच विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

झालं. आता पळायला जागा नव्हती.

“तू. मी ती पेटी उघडते. तुझं एकूण एक पत्र मी वाचलंय. पहिल्या पेन्सिलीपासून.”

“माहीत आहे.”

“काय?”

“पेटी कधी उघडली त्याची नोंद असते माझ्याकडे. रोज पावणेदहा. एकदा पाच मिनिटं उशीर झाला तर मला काळजी वाटली.”

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांचा तापलेला कान, मोडलेली झोप, कवळीच्या आंघोळी... सगळं तिला एकदम आठवलं.

“आणि तू गप्प? माझा जीव टांगणीला लागला होता!”

“माझा काय झोपाळ्यावर होता? रोज वाटायचं, आज काहीतरी म्हणशील. तू नुसती पेन्सिल लपवायचीस. मी ठरवलं, हिला नकोच असेल, बिचारी सौजन्याने वाचतेय.”

“उत्तर देऊ नये असा नियम कोणी केला?”

“तो यंत्राला होता गं! तुला नव्हता.”

पलीकडच्या टेबलावरचे दोघे अचानक फार मन लावून काम करू लागले.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “उत्तराचा मजकूर बदलून. ‘तुम्हीही थांबा’ असं लिहिलं होतं.”

“मला नाही आलं.”

“सात दिवसांत एकदा!”

त्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे...”

“एकतीस माणसं आली. एका आजींनी तर मला बाळ म्हटलं. फक्त तू नाही आलास.” तिने छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. “म्हणून आता मीच आले. थांब. संकोचाने नाही म्हणत, कळलं? मॅडमसमोर आणि अख्ख्या रांगेसमोर बोलून आलेय, संकोच आता शिल्लकच नाही. मला तू इथे हवा आहेस. दुपारी तीनला. रोज.”

तो खुर्चीत बसला, दोन ओळी लिहिल्या आणि तिला दिसेल असा पडदा वळवला. ‘आभारी आहे. मला इथेच काम करायचं आहे.’ बोट टेकवलं. पत्र गेलं.

क्षणात पडद्यावर उत्तर आलं. ‘आपले पत्र मिळाले. हे उत्तर आपोआप पाठवले आहे. कृपया यास उत्तर देऊ नये.’

दोघं श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. त्याची पेटी गप्प राहिली.

“शहाणी झाली,” भिंगरी म्हणाली.

“तिची गोष्ट सोड. माझी छत्री दे.”

“अशी नाही मिळत.” तिने नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि लिहायला पेन्सिल शोधू लागली. वहीत पाहिली, खिशात पाहिली, खोक्याच्या मागे पाहिली. तो बघत होता. त्याला घाई नव्हती. “ओळखीची खूण सांगा.”

“लाकडी मूठ,” तो म्हणाला. “काळं कापड. आणि ती घेऊन येणारी मुलगी धापा टाकत असेल, आणि तिची पेन्सिल...” त्याने हात पुढे केला आणि तिच्या केसांतून ती अलगद काढून तिच्या हातात दिली. “...इथे असेल.”

तिला वर बघवेना. “खूण पटली,” ती कसंबसं म्हणाली, आणि त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. छत्रीच्या मुठीवर आता दोघांचेही हात होते. पाच वाजून गेले तरी कोणी आपला काढून घेतला नाही.

“चल,” शेवटी तीच म्हणाली, कारण इतका वेळ एका जागी उभं राहायची तिला सवय नव्हती. “त्या एकतीस जणांना त्यांच्या वस्तूंचं खरं काय ते कळवायचंय. माफीपण मागायचीय.”

“पत्र पाठवू या. कोणत्या पत्त्यावरून?”

“माझ्या.”

“आणि एकतीस जणांनी उत्तरं दिली तर?”

“देऊ देत की,” भिंगरी म्हणाली, आणि त्याचा चहाचा कप खोक्यातून काढून टेबलावर जागच्या जागी ठेवला.